स्नेअरची कळ

अण्णांना जाऊन महिना झाला तेव्हा गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात भजन ठेवलं होतं. भजन आटोपल्यावर आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रा पार्टीने अण्णांच्या आवडीची दोन गाणी वाजवायची असं ठरलं होतं, म्हणून मी दुपारीच ड्रमसेट आणून सभामंडपाच्या कोपऱ्यात लावून ठेवला होता. गजर संपला, टाळ खाली ठेवले गेले, पखवाजवाल्याने हात पुसले आणि एका वयस्कर बुवांनी नुसत्या पेटीवर अभंग धरला. बुवांचा आवाज थकलेला, पण सुराला पक्का. मंडपात उदबत्तीचा वास, बायकांच्या बाजूला एक तान्हं पोर अधूनमधून कुरकुरत होतं, बाकी सगळं शांत. बुवा वरच्या षड्जावर जाऊन थांबले की माझ्या पाठीमागून एक बारीक आवाज यायचा. झर्रर्र. बुवांनी सूर सोडला की तोही थांबायचा. पुन्हा षड्ज, पुन्हा झर्रर्र. कुणीही हात न लावता माझ्या सेटमधला स्नेअर ड्रम वाजत होता. दोन-तीन माना मागे वळल्या. मला कानकोंडं झालं. मी वाकून, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत मागे गेलो आणि स्नेअरच्या बाजूची कळ खाली पाडली. खट्. पुढचा सगळा अभंग स्वच्छ ऐकू आला.

प्रसाद वाटताना काकू, अण्णांच्या पत्नी, माझ्यापाशी आल्या. "मघाशी कोपऱ्यात ते बारीक काय वाजत होतं रे?" मी म्हटलं, "काही नाही काकू, तार जरा सैल होती." त्या म्हणाल्या, "बरं वाटत होतं. मग एकदम थांबलं."

तार सैल नव्हती.

ज्यांनी स्नेअर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चौदा इंचांचा, परातीएवढा तो चपटा ड्रम. वरच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, काडी पडते. खालचं पान मात्र अगदी पातळ असतं, उजेडाला धरलं तर पलीकडचा हात दिसेल इतकं, आणि त्या पानाला पोटाशी चिकटून वीसेक बारीक वळलेल्या तारांची एक पट्टी ताणलेली असते. काडी वर पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते, पान तारांना उडवतं आणि तारा परत पानावर आपटतात. स्नेअरचा तो चुरचुरीत, तडतडता आवाज या आपटण्याचा. बाजूची कळ पाडली की तारा पानापासून दूर होतात आणि उरतो एक साधा, ठोकळ ड्रम. कळ वर असताना मात्र त्या पानाला हवा कुणी हलवली याच्याशी देणंघेणं नसतं. पेटी वाजो, बेस गिटार वाजो, कुणी गावो, पानाला मानवणारा सूर लागला की ते थरथरतं आणि तारा बोलायला लागतात. रेकॉर्डिंगवाले याने वैतागतात. टॉमचा, म्हणजे सेटमधल्या बाजूच्या ड्रमचा, सूर थोडा इकडेतिकडे करा, तारांजवळचे स्क्रू सैल करा, काहीतरी करून हे बंद करा, असं आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं. त्यामुळे मंदिरात माझा हात आपोआप कळीकडे गेला. तीस वर्षांची सवय.

अण्णा आमच्या पार्टीत साइड रिदमला होते. ऑर्केस्ट्राच्या दुनियेत वावरलेल्यांना हा शब्द सांगायला नको. तबला, ढोलक, कोंगो, ड्रम यांची नावं निवेदक घेतो, टाळ्या मागतो. साइड रिदमवाल्याचं नाव शेवटी, माइकवाल्याच्या जरा आधी. पण त्याच्या पुढ्यात सगळ्यात जास्त वाद्यं. अण्णांची एक पत्र्याची ट्रंक होती, हिरवी, कोपऱ्यांना गंज चढलेली. प्रोग्रॅमच्या आधी ते स्टेजवर एक जुनी चादर अंथरत आणि ट्रंकेतलं एकेक काढून ठरलेल्या जागी मांडत. दोन आकारांच्या घुंगरांचे पट्टे, खंजिरी, मराकस, कबासा, ट्रँगल, काउबेल, मंजिरी, टांग्याच्या ठेक्यासाठी घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या, आगगाडीसाठी पॉलिशपेपर ठोकलेले दोन लाकडी ठोकळे. चादर आणायला विसरलं तर ते सतरंजीवर मांडत नसत, कुणाचा तरी टॉवेल मागून घेत. वाद्य ठेवताना त्याचा आवाज झालेला त्यांना खपायचा नाही. घुंगरू टेकवताना तर असं टेकवत, जसं झोपलेलं मूल खाली ठेवावं.

मी एकोणीस वर्षांचा होतो, हातात जोर होता आणि समज कमी. मला ते खुळखुळे वाटायचे. एकदा तालमीला त्यांनी माझ्या हातात मराकस दिले आणि म्हणाले, धर ठेका. मी धरला आणि पहिल्या चार मात्रांतच मला कळलं की सगळं मागे पडतंय. हात मात्रेवर होता, आवाज मागून येत होता. अण्णांनी मराकस माझ्या कानापाशी आणला आणि हळूच वळवला. "आत दाणे आहेत. तुझा हात पोचला तरी दाणे अजून वाटेत असतात. हात मात्रेच्या आधी वळला पाहिजे, म्हणजे दाणे मात्रेवर पोचतील." घुंगरांचं तेच, कबासाचं थोडं वेगळं, खंजिरीच्या चकत्यांचं आणखी वेगळं. प्रत्येक वस्तूत काहीतरी सैल आहे, आणि त्या सैल वस्तूला पोचायला लागणारा वेळ वाजवणाऱ्याच्या मनगटात मुरलेला असतो. आठ महिने मी रोज अर्धा तास मराकस हलवला. माझ्या हायहॅटमध्ये, पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीत, आज जी काही जान आहे ती तिथून आली.

तासगावकडच्या एका गावात उरसाचा प्रोग्रॅम होता. फ्लोअर टॉमला नवं पान चढवलेलं आणि पत्र्याच्या मांडवात ते बूंऽऽ करून इतकं घुमत होतं की माइकवाला हातानेच नको-नको करत होता. आज अशा वेळी निळ्या जेलीचे चिकट तुकडे मिळतात, डबीतून काढायचे, पानावर चिकटवायचे, घुमणं आवरतं. तेव्हा आम्ही रुमाल टाकायचो, पाकीट ठेवायचो, बेस ड्रममध्ये गोधडी कोंबायचो. अण्णा उठून मांडवामागे स्वयंपाक चालला होता तिकडे गेले आणि लिंबाएवढी कणीक घेऊन आले. तळहातावर मळली, चपटी केली, पानाच्या कडेपासून दोन बोटं आत दाबून बसवली आणि मला म्हणाले, मार. घुमणं गेलं होतं. खाली एक जाड, गोल, पोटातला आवाज उरला होता. "पखवाजाला चालते, ह्याला का चालू नये?" प्रोग्रॅम पहाटे अडीचला संपला तोवर ती कणीक वाळून तिचे पोपडे माझ्या बुटांवर पडले होते. त्या रात्रीचा फ्लोअर टॉम मला अजून ऐकू येतो. इतका चांगला आवाज पुढे महागड्या पानांवरही मला क्वचितच मिळाला.

त्यानंतर मला वाद्यं निराळी दिसायला लागली. आवाज मोठा करायचा, रुंद करायचा म्हणून माणसाने जे जे काही वाद्याला जोडलं आहे त्यातलं बरंचसं दोनच कामं करतं. एकतर काहीतरी सैल सोडतं, नाहीतर काहीतरी दाबून धरतं. तबल्याची शाई दाबून धरते, पखवाजाची कणीक दाबून धरते, गोधडी आणि जेली तेच करतात. आणि घुंगरू, खंजिरीच्या चकत्या, लेझमीची चाळ, स्नेअरच्या तारा ही सगळी सैल सोडलेली माणसं. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे तंबोरा करणाऱ्यांच्या दुकानात मी तार आणि घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती पट्टी, यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा दोरा पाहिला आहे. कारागीर तो दोरा केसभर पुढेमागे सरकवत असतो. एका जागी तार मुकी, एका जागी सगळी खोली भरून टाकणारी. त्या दोऱ्याने तार घोडीला जेमतेम शिवेल न शिवेल अशी राहते आणि त्या शिवण्या न शिवण्यातून ती जवारी, तो भरून राहणारा झंकार, निघतो. अण्णांनी एकदा माझ्या मोठ्या सिंबलवर मोरीच्या बुचाची मण्यांची साखळी टाकली होती. काडी मारली आणि सिंबल सळसळत राहिलं, पावसात पत्रा सळसळतो तसं. अमेरिकेतले जुने ड्रमर त्यासाठी सिंबलला भोकं पाडून त्यांत खिळे सैल बसवायचे, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. अण्णांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना फक्त कळत होतं की इथे काहीतरी थरथरायला हवंय.

२००१ साली मी ऑक्टोपॅड घेतला, काडीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र. रोलंडचा एसपीडी-२०, सेकंडहँड, मुंबईच्या एका वादकाकडून. पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली आला तेव्हा त्याच्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता, दुसऱ्या यंत्राला जोडून वाजवावा लागे. या मॉडेलमध्ये मात्र सातशे आवाज होते आणि आठ रबरी पॅड. ढोलक, तबला, कोंगो, घुंगरू, कबासा, सगळं. मी तो घेऊन तालमीला गेलो त्या दिवशी पोरांची झुंबड उडाली. मालकांनी तासभर ऐकलं. पुढच्या महिन्यात सुपाऱ्या लागल्या तेव्हा जीपमध्ये एक जागा मोकळी होती. माझं पाकीट वाढलं होतं.

मला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. मी विचारलं नाही, हेही खरं आहे.

अण्णा चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एका दुपारी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, दाखव तुझं यंत्र. हेडफोन लावून दोन तास बसले. कुठल्या गाण्याला कुठला घुंगरू, कुठला पॅड जवळ हवा, कुठला डाव्या हाताला, सगळं मला लावून दिलं. स्वतःच्या जागेची मांडणीच त्यांनी माझ्या पॅडवर उतरवून दिली, चादरीवर जसं मांडत होते अगदी तसंच. कबासाचा आवाज त्यांनी सात-आठ वेळा दाबून ऐकला. मग हेडफोन काढून म्हणाले, "बरोबर आहे. पण दर वेळी बरोबर आहे." मी त्या वेळी हसलो होतो. पुढे ते पुतण्याच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणाचं काम बघत आणि एकादशीला मंदिरात चिपळ्या धरत.

हे सगळं मनात ठेवून मी माझ्याच वाद्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा चमकलो. ड्रमसेट असं वाद्य मुळात नव्हतंच. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात, छोटा दुसऱ्याच्या आणि झांजा तिसऱ्याच्या हातात. थिएटरांत जागा कमी आणि पैसे त्याहून कमी, म्हणून एकानेच सगळं उरकायची खटपट सुरू झाली. शिकागोत विल्यम लुडविग नावाचा ड्रमर होता. त्याला मोठा ढोल पायाने पुरेसा भरभर वाजवता येईना म्हणून त्याने स्वतःचं पेडल बनवलं आणि १९०९ साली भावाबरोबर ते विकायला काढलं. ते पेडल चाललं आणि ढोलवाल्याची खुर्ची कायमची रिकामी झाली. मग त्या एकट्या ड्रमरच्या भोवती टेबल आलं, टेबलावर काउबेल, लाकडी ठोकळे, शिट्ट्या, घोड्याच्या टापांसाठी करवंट्या. मूकपटाच्या पडद्याखाली बसून तो माणूस आगगाडीपासून पाखरापर्यंत सगळं वाजवत असे. अण्णांचीच ट्रंक ती, समुद्रापलीकडची. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि थिएटरांतले वादक हजारोंनी घरी बसले. म्हणजे मी ज्या पेडलवर पाय ठेवून आयुष्य काढलं त्याच्या खाली कुणा ढोलवाल्याची भाकरी होती. यातून माझं ओझं हलकं होत नाही. फक्त ते फार जुनं आहे एवढं समजतं.

मुंबईच्या स्टुडिओंचं अण्णांना अपार कौतुक. कावस लॉर्ड आणि त्यांची दोन मुलं, केर्सी आणि बर्जोर, मारुतीराव कीर, डुग्गीवर होमी मुल्लां. ही नावं ते देवळातल्या देवांसारखी घेत. पण त्यांचा खरा जीव अमृतराव काटकरांवर. रेसो-रेसो म्हणजे खाचा पाडलेला दांडा, त्यावर काडी घासायची, बस. त्या घासण्यावर पंचमच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, चाली चालत असत, आणि ती घासणारा हात एका मराठी माणसाचा, याचा अण्णांना केवढा अभिमान. त्यांनी स्वतः बांबू आणून, कानसीने खाचा पाडून तीन रेसो-रेसो बनवले होते. खाचा किती खोल, किती जवळ, यावर ते चहाच्या गाड्यावर अर्धा अर्धा तास बोलत. कानाला लाऊडस्पीकरचं गाणं ऐकवत आणि बोटाने हवेत खूण करत: आत्ता ऐक, आत्ता, हा गेला. गाणं ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना तो आवाज तिथे आहे हे माहीत नाही, पण तो काढून टाकला तर गाणं पांगळं होईल, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. माझंही आहे.

भजनानंतर आठ दिवसांनी काकूंनी निरोप पाठवला, ट्रंक घेऊन जा, इथे कुणाला त्यातलं कळत नाही. मी गेलो. ट्रंक उघडल्यावर कापराचा आणि गंजाचा वास. प्रत्येक वस्तू जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. कबासा हातात घेतला. लाकडी दांडा, त्यावर खरबरीत पत्र्याचं नळकांडं आणि भोवती पोलादी मण्यांच्या माळा. पूर्वी हा सुकलेल्या भोपळ्याला मण्यांची जाळी गुंडाळून करत. क्यूबावर अमेरिकेने व्यापारबंदी घातली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये चांगले बोंगो मिळेनात, म्हणून मार्टिन कोहेन नावाचा एक इंजिनीअर स्वतःच ते बनवायला लागला, आणि पुढे त्याच्याच कारखान्यात भोपळ्याच्या जागी हा पत्रा आणि पोलादी मणी आले. गाढवाच्या जबड्याचं हाड, ज्यातले दात सुकून खिळखिळे झाल्यावर खर्रर्र असा आवाज येतो, त्याच्याऐवजी लाकडी डबी आणि सैल खिळ्यांचं वाद्यही त्याचंच. अण्णांच्या ट्रंकेत तेही होतं. त्यांनी त्याच्या वाकड्या सळईला जिथे हात धरायचा तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. पट्टीवर अंगठ्याची खूण बसलेली होती, एका बाजूला जरा जास्त खोल. मी माझा अंगठा तिथे ठेवून पाहिला. बसला नाही. त्यांचा हात लहान होता हे मला इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

ट्रंक घेऊन दाराशी आलो आणि पाय निघेना. मी काकूंना सांगितलं, "त्या दिवशी तार सैल नव्हती. मीच बंद केली होती. अभंगात आवाज येत होता म्हणून." त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलंच. हे असते तर उठले नसते." एवढंच. रागाने म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते वाक्य रात्रभर माझ्या उशाशी राहिलं.

पुढच्या रविवारी मी नुसता स्नेअर आणि त्याचं स्टँड घेऊन गेलो. काकू सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर स्नेअर उभा केला आणि कळ वर केली. त्या म्हणाल्या, "आता काय वाजवणार?" मी म्हटलं, "मी नाही. तुम्ही काहीतरी म्हणा." मला कुठलं येतंय, असं म्हणत त्यांनी पुन्हा ताटात बोटं फिरवली. खडे बाजूला सारत, माझ्याकडे न बघता, त्यांनी आईकडून ऐकलेली जात्यावरची एक ओवी गुणगुणायला घेतली. खालच्या सुरात काही झालं नाही. स्नेअर गप्प. मला वाटलं, खालचं पान आज उतरलंय बहुतेक, स्क्रू फिरवावे लागणार. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज वर चढला, जरा फाटला, आणि तिथे तारा उठल्या. झर्रर्र. त्या थांबल्या, तारा थांबल्या. त्यांनी स्नेअरकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माझे हात मांडीवर होते.

काकूंनी ताट खाली ठेवलं, पदर सावरला आणि दुसरी ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.